एक जूनची नोंद आणि सुटलेला आरोपी



केंद्रस्तरीय निबंध स्पर्धेचे पेपर तपासायला बसलं आणि विषय 'आजची न्यायव्यवस्था' किंवा 'मी न्यायाधीश झालो तर' असा असला, की पुढे काय येणार ते मला पाठ झालंय. पहिल्या परिच्छेदात डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. (सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या मूर्तीची पट्टी २०२४ मध्ये निघाली, आपल्या निबंधातली अजून आहे.) दुसऱ्यात शंभर अपराधी सुटले तरी चालतील ते वाक्य. तिसऱ्यात तारखांवर तारखा. आणि शेवटी फाशी. भर चौकात फाशी, ताबडतोब फाशी, वकील न देता फाशी. सहावीतली मुलं लिहितात म्हणून हसून सोडून द्यावं म्हटलं, तर स्टाफरूममध्ये आणि एसटीत मोठी माणसंही हेच बोलतात.

मला त्या रागाबद्दल तक्रार नाही. राग यायलाच हवा. पण हा सगळा राग शिक्षा किती द्यावी यावर खर्च होतो. शिक्षा किती हा प्रश्न गुन्हा सिद्ध झाल्यावरचा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा घोडं त्याच्या कितीतरी आधी अडतं. न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत खटला पोचतो तोवर त्यातला जीव गेलेला असतो. तो कुठे जातो, आणि त्यात आपल्यासारख्या शाळामास्तरांचा काय संबंध, एवढंच आज लिहिणार आहे. कुणाला निबंधाची तयारी म्हणून वापरायचं असेल तर जरूर वापरा.

सुरुवात गडचिरोलीतून करते, कारण हा खटला प्रत्येक मराठी शिक्षकाला माहीत असायला हवा. २६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आईवडील नसलेली, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. घरगुती तक्रारीवरून भावाने पोलिसांत कळवलं म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलेलं. जबाब झाले, रात्र झाली, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर आरोप. एकावर बलात्काराचा, दुसऱ्यावर विनयभंगाचा.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे जबरदस्ती नाही, असा तो हिशोब. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर एका अनाथ मुलीने अंगावर जखमा होईपर्यंत झगडायला हवं होतं, असा त्याचा अर्थ होतो. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच धरून चालावं, असं कलम आलं. पीडितेची ओळख छापायला बंदी आली. त्या मुलीच्या खटल्यात मात्र काही बदललं नाही. दोघे सुटले ते सुटलेच.

हे सगळं बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. पण या निकालात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. माझं गेलं, कारण मी रजिस्टर सांभाळणारी बाई आहे.

गोष्ट अशी. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुलगी सोळा वर्षांखालची असेल तर तिची संमती होती की नव्हती हा प्रश्नच उरत नसे. गुन्हा तो गुन्हाच. डॉक्टरांनी तपासून त्या मुलीचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं होतं. आणि सत्र न्यायालयाने म्हटलं, ती सोळाच्या आत होती याचा समाधानकारक पुरावा नाही. झालं. तिथून पुढे सगळा खटला संमतीवर गेला, जखमांवर गेला, तिच्या चारित्र्यावर गेला. तिचं वय सांगणारा एक भरवशाचा कागद असता तर? न्यायाधीशांची दृष्टी त्याने बदलली नसती. पण त्यांना त्या वाटेला जावंच लागलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, ते १९७२ साल होतं. खेड्यात कुणाकडे जन्माचा दाखला होता तेव्हा? बरोबर आहे. मग २०२१ सालाकडे या.

मी दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या. एके दिवशी हवालदार समन्स घेऊन आले. आमच्या शाळेतून चौथी होऊन गेलेल्या एका मुलीचा खटला होता, पोक्सोखाली. घटना २०१७ च्या एप्रिलमधली. मला जनरल रजिस्टर नंबर एक घेऊन जिल्हा न्यायालयात हजर राहायचं होतं. पोक्सो कायद्यात लिहिलेलं आहे की कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, आणि होता होईतो वर्षभरात खटला संपावा. इथे चार वर्षं झाली होती. घटनेच्या वेळी अकरावीत असलेली मुलगी आता लग्न होऊन सासरी होती.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तिचे वडील भेटले. मला ओळखत नव्हते, रजिस्टरवरून ओळखलं. म्हणाले, "बाई, तुमच्या रजिस्टरला हाय ना तिचं वय?" मी म्हटलं, आहे. तर त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं, की मला आत जायचीच भीती वाटायला लागली. कारण मी आदल्या रात्री ते पान पाहिलं होतं.

रजिस्टरला तिची जन्मतारीख होती १ जून २०००. म्हणजे घटनेच्या दिवशी सोळा वर्षं दहा महिने. अठराच्या आत, प्रश्नच नाही. पण एक जून ही तारीख काय आहे हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मास्तराला सांगावं लागत नाही. शाळा जूनला उघडते. पटनोंदणीला गुरुजी वस्तीवर जायचे. आई सांगायची, "पोळ्याच्या पुढं-मागं झाली", "भूकंपाच्या सालातला हाय". गुरुजी पोराकडे बघायचे, सहा वर्षांचं दिसतंय असं ठरवायचे आणि सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहायचे. लबाडी नव्हती ती. त्याशिवाय ते पोर शाळेत आलंच नसतं. गंमत म्हणून सांगते, दरवर्षी ३१ मे रोजी आपल्याकडे सरकारी नोकरांच्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमांची एवढी गर्दी का असते? हार-नारळ का महागतात? सगळे एक जूनचे.

सरतपासणी दोन मिनिटांत झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, रजिस्टर शाळेचं आहे का, नोंद आहे का, तारीख काय. मी सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. आवाज चढवला नाही, उलट फार अदबीने बोलत होते.

"मॅडम, ही नोंद तुमच्या हस्ताक्षरात आहे का?"

"नाही."

"ज्यांनी केली ते आज साक्षीला येऊ शकतील?"

"नाही. ते वारले."

"नोंद करताना जन्माचा दाखला घेतला होता, असं रजिस्टरवरून दिसतं का?"

"नाही."

"माहिती कुणी दिली? आईने, वडिलांनी, आजीने?"

त्या रकान्यात काही नव्हतं. नाही म्हणाले.

"या एकाच पानावर एक जून ही जन्मतारीख किती मुलांची आहे, कोर्टाला मोजून सांगाल?"

मी मोजलं. मोजताना बोट पानावरून फिरत होतं आणि कोर्टात कुणी बोलत नव्हतं. अकरा.

"धन्यवाद. आणखी प्रश्न नाहीत."

दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आले तर वडिलांनी विचारलं, "झालं ना बरोबर?" मी त्यांना म्हटलं, जे लिहिलेलं होतं ते मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

काही महिन्यांनी निकाल लागला. निर्दोष. कारणं एकच नव्हतं. तक्रार द्यायला झालेला उशीर होता, एका पंचाने आपली सही आहे पण काय लिहिलंय ते माहीत नाही असं सांगितलं होतं. आणि वय. मुलगी घटनेच्या दिवशी अठरा वर्षांखालची होती हे सरकार पक्षाला शंकेपलीकडे सिद्ध करता आलं नाही. एकदा ते गेलं की आरोपीचं 'संमतीने झालं' हे म्हणणं उभं राहतं, आणि शंकेचा फायदा त्याला. मुलगी खोटं बोलत होती असं कोर्टाने कुठेही म्हटलं नाही. तरी तो माणूस त्याच गावात राहतो. मिरवणुकीत पुढे असतो.

त्या न्यायाधीशांना मी दोष देत नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूने बोलायचं म्हणून बोलत नाही. नंतर मी याबद्दल जमेल तेवढं वाचलं. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख कुणाच्या सांगण्यावरून, कशाच्या आधारावर लिहिली हे सांगणारं कुणी नसेल तर त्या नोंदीला फारसं वजन देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलेलं आहे, राजस्थानातल्या एका निवडणुकीच्या भांडणात. पुढे बालन्याय कायदा आला. २०१५ च्या त्या कायद्याचं कलम ९४ म्हणतं, वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघा. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. म्हणजे शाळेचा नंबर पहिला लावलाय. केवढा विश्वास! पण २०२३ मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की शाळा बदलताना देतात तो दाखला म्हणजे या कलमातला जन्मतारखेचा दाखला नव्हे, आणि त्या खटल्यात पोक्सोची शिक्षा टिकली नाही. डॉक्टरी तपासणीवर भरवसा ठेवावा तर हाडांवरून निघणारं वय दोनेक वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतं. सोळा निघालं तर अठराही असू शकेल, आणि ती शंका पुन्हा आरोपीच्याच पारड्यात.

हा नियम चुकीचा आहे का? मला नाही वाटत. उद्या आपल्यापैकी कुणाच्या भावावर खटला झाला, तर अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर त्याला वीस वर्षं आत टाकलेलं आपल्याला चालेल का? नियम बरोबर आहे. खालचा कागद कच्चा आहे.

कागदाचं झालं. आता माणसांचं.

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात खर्डा नावाचं गाव आहे. २८ एप्रिल २०१४ ला तिथे शाळेत शिकणारा सतरा वर्षांचा एक दलित मुलगा मारला गेला. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, या संशयावरून. शाळेच्या आवारातूनच मारत नेल्याचा आरोप होता. दिवसाउजेडी, शाळेच्या वेळेत. महाराष्ट्र हादरला, पुढारी येऊन गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते, आणि त्यांत शाळेतली माणसंही होती.

आरोपी दोषी होते की नव्हते हे मी ठरवणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एक मुलगा मेला एवढं तर खरं आहे ना? तो आपण होऊन मेला नाही. मग कुणीतरी मारलं, आणि ज्याने मारलं त्याला शिक्षा झालेली नाही. हजेरीपटावर ज्याचं नाव होतं त्याच्याबद्दल कोर्टात 'मी काही पाहिलं नाही' असं सांगितलं गेलं.

फितूर हा शब्द आपण शिवकालापासून शिव्यांसारखा वापरतो. पण साक्षीदार का फिरतो हे कधी शांतपणे बघितलंय? गावातच राहायचं असतं. विहीर एक, रस्ता एक, सोसायटी एक. आरोपीचा चुलता सरपंच असतो. साक्षीला जायचं तर दिवसभराची मजुरी बुडते, भत्ता मिळतो तो एसटीच्या तिकिटाला आणि चहाला पुरला तरी नशीब. गेलं की कळतं, आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. असं चार वेळा झालं की माणूस आपोआप विसरायला लागतो. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर कोर्ट चालत नाही, कोर्टात शपथेवर सांगितलेलंच चालतं. हे ज्याला माहीत असतं, तो साक्षीदाराला धमकावायला एक-दोन वर्षं निवांत घेतो. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली, आपल्या राज्याचाही कायदा आहे. पण संरक्षण म्हणजे दारात पोलीस. तो किती दिवस राहणार? आणि तो उठून गेल्यावर?

शिक्षक म्हणून आपल्याला यात थोडी वेगळी जागा आहे, ती मला नीट मांडता येते की नाही बघा. गंभीर गुन्ह्यांत पंच म्हणून सरकारी नोकरांना घेतात, कारण त्याला सहज विकत घेता येत नाही अशी समजूत. आमच्या ओळखीतले एक गुरुजी असा पंचनामा करून आले आणि महिनाभर सांगत होते, कुठून या भानगडीत पडलो. त्यांना मी म्हटलं, गुरुजी, निवडणुकीला, जनगणनेला, पोषण आहाराच्या तांदळाला आपण हजर असतो, ती कामं लादलेली आहेत म्हणून रडतोही. ते रडणं योग्यच आहे. पण या एका कामाला तरी रडू नका. तुम्ही काय पाहिलं ते लिहून ठेवा, सही करण्याआधी वाचा आणि पाच वर्षांनी तेच सांगा. त्यांना ते पटलं नाही. तुझं वय लहान आहे म्हणाले. असो.

दिल्लीचं एक उदाहरण थोडक्यात सांगते. १९९६ मध्ये तिथे कायदा शिकणाऱ्या एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. १९९९ मध्ये न्यायाधीशांनी त्याला सोडलं, आणि निकालात लिहिलं की गुन्हा यानेच केलाय हे मला माहीत आहे, पण पुरावा असा आलाय की मला सोडावं लागतंय. तपास नीट झाला नाही यावर त्यांनी कडक ताशेरे ओढले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशी दिली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप केली. त्याच पुराव्यावर वरच्या कोर्टाला गुन्हा दिसला, म्हणून तो खटला वाचला. पण दिल्लीतल्या खटल्यामागे वर्तमानपत्रं होती, टीव्ही होता. जिल्ह्याच्या कोर्टातून सुटलेल्या किती आरोपींविरुद्ध आपल्याकडे अपील होतं? माझ्या त्या मुलीच्या वडिलांना अपील म्हणजे काय हे मलाच समजावून सांगावं लागलं. ते म्हणाले, "आता परत तिला तेच सांगायला लावायचं व्हय?" अपिलात तसं नसतं, कागदावरच चालतं, असं मी सांगितलं. पण त्यांचं मन उडालं होतं.

आता फाशीवाल्यांकडे येते. मुलांना मी नाशिकचा खटला सांगते, सातवीपुढच्यांना, कारण लहानांना सोसणार नाही. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका मळ्यातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. ऐकून कुणाचंही रक्त उसळेल असा गुन्हा. सहा जण पकडले, सगळे भटक्या जमातीतले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाच्या सहा जणांना फाशी. निबंधात हवा असतो तसा निकाल. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मान्य व्हायलाच २०१२ उजाडलं. पुन्हा वयच, बघा.

मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळं तपासलं आणि सहाही जणांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने अगदी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांना कधी पकडलंच नाही. ही गोष्ट कोर्टापुढे नीट येऊच दिली नाही. सुटलेल्यांना प्रत्येकी पाच लाख भरपाई आणि चूक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश झाले. सोळा वर्षं गेली होती.

हे सांगून झालं की मी मुलांना विचारते, या गोष्टीत गुन्हेगार किती सुटले? पहिल्यांदा कुणीच बोलत नाही. मग एखादी म्हणते, "बाई, ते फोटोतले." बरोबर. ज्या दिवशी सहा गरीब पकडून गुन्हा उघडकीला आला म्हणून जाहीर झालं, त्या दिवशी खरे गुन्हेगार सुटले. कोर्टाने सोडले नाहीत. त्यांना कुणी शोधायचंच बंद केलं. २००९ चा तो कडक निकाल वाचून ज्यांना बरं वाटलं असेल, त्यांना वाटलं असेल की न्याय झाला. फाशीची घाई केली असती तर सहा माणसं मेली असती आणि खरे कोण होते हा प्रश्नही त्यांच्याबरोबर पुरला गेला असता.

म्हणून मला आता शिक्षेच्या आकड्याचं कौतुक राहिलेलं नाही. दहाची वीस वर्षं करा, वीसची फाशी करा. वयाचा कागद नसेल, पंच फिरला असेल, तपास चुकीच्या माणसावर थांबला असेल, तर त्या फाशीला बांधायला माणूसच सापडत नाही.

बरं, मग शाळेने काय करायचं? इथे एक खरी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश नाकारायचा नाही. फार चांगलं कलम आहे, त्याच्यामुळे ऊसतोडीवरची, वीटभट्टीवरची कितीतरी मुलं शाळेत आली. पालकाच्या लेखी सांगण्यावर आपण प्रवेश देतो आणि द्यायलाच हवा. पण दहा वर्षांनी दुसरा कायदा विचारतो, या तारखेला आधार काय? दोन्ही कायदे मुलांच्याच भल्याचे, आणि दोहोंच्या मधल्या फटीत एखादी मुलगी पडते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा धरायचा, अशी सुधारणा झाली आहे. ती मुलं साधारण २०२९ च्या जूनपासून आपल्याकडे पहिलीत येतील. तोवरची सगळी पिढी, आणि आत्ता वर्गात बसलेली, जुन्याच कागदांवर आहे.

मी माझ्यापुरतं ठरवलं ते सांगते. प्रवेश लगेच द्यायचा, पण तारीख लिहिताना समोर काय होतं त्याची नोंद ठेवायची. दाखला असेल तर त्याचा क्रमांक आणि झेरॉक्स. नसेल तर अंगणवाडीताईंचं रजिस्टर, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा कागद, जे मिळेल ते. काहीच नसेल तर सांगणाऱ्याचं नाव, नातं, अंगठा किंवा सही, आणि त्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. आणि पालकाला उशिराच्या नोंदणीला पाठवायचं. एकवीस दिवसांच्या आत नोंद फुकट असते हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तहसीलला हेलपाटे होतात, मान्य. पण होतं.

मागच्या जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी उसाच्या फडावर जन्मलेली, कर्नाटकात, दाखला नाही. "लिवा की बाई एक जून, समद्यांचं तेच लिवत्यात." मी म्हटलं, नाव आजच घालते, उद्यापासून पाठवा, पण तारीख थांबू द्या. परत आल्यावर लस कुठे दिली होती, ते आठवत होतं तिला. शेजारच्या वाडीवर. दुपारी सुट्टीत तिथल्या अंगणवाडीत गेले. ताईंनी कपाटातून दोन जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकली. दुसऱ्यात सापडली. नाव, आईचं नाव, वजन चार किलो दोनशे, वय दोन महिने, आणि समोर वजन घेतल्याची तारीख, २३ फेब्रुवारी. म्हणजे जन्म डिसेंबरातला. झेरॉक्सवर ताईंची सही-शिक्का घेतला आणि प्रवेशाच्या फॉर्मला टाचला. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात अंगणवाडीचं नाव आणि पान नंबर लिहिला. आई म्हणाली, एवढ्याशा पोरीला एवढे कागद कशाला लागतात. मी काही सांगितलं नाही. मुलगी तोवर फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे गोळा करत होती.